अष्टमीचं पाणी

मुरबे
कार्तिक वद्य अष्टमी, शके १८८८

प्रिय हंसा,

तुझी तार मिळाली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आज भांग आहे म्हणून बसले लिहायला. तुझं माहेर बोईसर स्टेशनाजवळचं, वडील रेल्वेत, तू गाड्यांच्या वेळापत्रकावर वाढलीस, म्हणून तुला समजावून लिहिते. अष्टमी-नवमीला समुद्राचं पाणी मंदावतं, त्याला आम्ही भांग म्हणतो. आमची डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, पाण्याच्या ओढीवर चालते. ओढ नाही तर जाळ्यात काही नाही. मग डोली घरी, माणसं घरी, आणि बायकांचे हात जरा मोकळे.

ह्यांचं बारावं झालं. शरीर मिळालं नाही, दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. सासूबाई अजून दोन वेळा ह्यांचा भात वाढून ठेवतात. मी वर झाकण ठेवते.

पुंडलिक तुझा नवरा, पण त्याने तुला काय नि किती सांगितलं ठाऊक नाही, म्हणून मला कळलं तसं लिहिते. त्या दिवशीही अष्टमी होती, शुद्ध अष्टमी. पाच जण नवे खुंट रोवायला गेले. खुंट म्हणजे समुद्राच्या तळात ठोकायचे लांब सोट, डोल त्यांनाच बांधतात. पाणी मंद असतं तेव्हाच ते रोवता येतात. दुपारच्या आधी वाऱ्याचा एकच तडाखा असा आला की डोलकाठी मोडली, शीड खाली आलं, होडीला भेग पडली. सगळे वाकून पाणी उपसत राहिले. तेवढ्यात नेव्हीचं जहाज दिसलं, पुंडलिकचंच, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक. पुढचं माझा दीर देवू सांगतो ते त्याच्याच शब्दांत: "वयनी, सरळ आमच्याकडं येत व्हता. मी उभा ऱ्हायलो, डोकीचा रुमाल काढून हलवला. तर त्यानं तोंड फिरवला. लांबून वळसा घालून गेला. जसा काय आमचा वास येतो त्याला."

दीड तासाने तेच जहाज परत आलं. तोवर होडी उलटली होती. चौघं खुंटांना धरून तरंगत होते. ह्यांचा हात नुकताच सुटला होता. नुकताच, असं देवू म्हणतो.

पुंडलिकने पाण्यात उडी टाकून चौघांना वर घेतलं. जहाजाच्या छोट्या होडीतून त्यांना आपल्या किनाऱ्याला आणलं. मी वाळूवर उभी होते. तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला, एकेकाला हात देऊन उतरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत होडीत चढला. एक शब्द नाही. आमची आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. माझ्या लग्नात माझ्याबरोबर या घरी आला, ह्यांनी त्याला पोहायला शिकवलं. आणि एक शब्द नाही! मला वाटतं, ह्यांना वाचवता आलं नाही म्हणून तो लाजतो. त्याला सांग, चार घरी चूल पेटली ती त्याच्यामुळे. त्याच्या या बायला हे कळतं.

पण हंसा, एक विचारून कळव. त्या जहाजाचं तोंड कुणी फिरवलं? त्याला दिसलं नाही, की दिसूनही तो गेला? मला भांडायचं नाही. बोंबील वाळत घालताना हात चालतात आणि डोकं तेच तेच विचारत राहतं. एकदा त्या माणसाला मला पाहायचं आहे.

मुलाला आशीर्वाद.

तुझी,
चंद्रकांता


नेव्ही क्वार्टर्स, कोचीन
१२ डिसेंबर १९६६

बाय,

तुझं पत्र तीनदा वाचलं. भावजींच्या हाताला धरून मी पहिल्यांदा तुमच्या होडीत चढले होते, ते आठवत राहिलं. "बोईसरची पोर, हिला पाणी म्हंजे इंजिनात भरायचा एवढाच ठाव," असं म्हणून हसले होते.

हे बरे आहेत. ड्यूटी फार असते, म्हणून लिहायला जमत नाही. तू विचारलंस ते मी यांना विचारलं. त्या वेळी धुकं होतं म्हणतात, नीट दिसलं नसावं. जहाजावर एवढी माणसं, कुणा एकाचं नाव कसं सांगणार?

इथे यांचं फार कौतुक चाललं आहे. परेडला सगळ्यांसमोर नाव पुकारलं, साहेबांनी हात मिळवला. शेजारच्या पंजाबी बाईंनी शिरा करून आणला. मी तो यांच्यापुढे ठेवला तर म्हणाले, "मुलाला दे." हल्ली सगळंच मुलाला दे. गणवेश स्वतः इस्त्री करतात, बूट दोनदा पुसतात, आणि मग दारात तसेच उभे राहतात. थकवा असेल. इथली हवा दमट आहे.

जहाजाचं नाव पत्रात लिहू नये असं सांगितलं आहे, तूही लिहू नकोस. प्रकृतीला जप.

तुझी,
हंसा


मुरबे
मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी

प्रिय हंसा,

धुकं? कार्तिकात, भर दिवसा, कोरड्या वाऱ्यात? देवूला जहाजावरच्या माणसांच्या पांढऱ्या टोप्या दिसत होत्या. तू खोटं लिहीत नाहीस हे मला ठाऊक आहे. तुला कुणीतरी खोटं सांगितलं आहे.

आता दुसरी गोष्ट. परवा बोईसरहून सायकल मारत एक गृहस्थ आले. रामकिसन नाव, तारापूरला वीजकेंद्राचं काम चाललं आहे ना, तिथे कारकून. मूळचे परभणीकडचे. पालघरला सत्कार समिती झाली आहे, त्यात यांना घेतलं, कारण अक्षर चांगलं. सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर पुंडलिकचा आणि त्याच्या जहाजाचा नागरी सत्कार आहे. वाचलेल्या चौघांनी यायचं, गावाने यायचं, आणि मी वीराची बहीण म्हणून त्याला ओवाळायचं.

मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी पुनव हाय."

"मग तर फारच चांगलं की, बाई. शुभ दिवस."

"पुनवेला उधाण असतं. डोलीचं खरं काम तवाच. गावात म्हातारी माणसं नि कोंबड्या तेवढ्या ऱ्हातील. त्यांना आणू का?"

ते बिचारे टोपी काढून डोकं खाजवू लागले. "आमच्या परभणीकडं समुद्रच नाही बाई, मला काय कळतंय! पण आता पत्रिका छापल्या." मग हळूच म्हणाले, "समितीत कुणीच कसं बोललं नाही?" मी म्हटलं, समितीत कुणाची डोल आहे?

ओवाळण्याचं ऐकून शेजारची बुधीमावशी दारातूनच ओरडली, "रांडमुंडेला ओवाळायला सांगतात! भावाच्या कपाळाला काय लावशील, राख?" तिची जीभ तशीच आहे. पण ते गृहस्थ एवढेसे झाले. त्यांना माझं माहीतच नव्हतं. वाचलेले चार त्यांनी कागदावर लिहून आणले होते, पाचव्याचं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. माझ्या पाया पडायला वाकले. मी पाणी दिलं, सुकट बांधून दिली.

मी जाणार आहे, हंसा. ओवाळीन की नाही ते पुढे पाहू. जहाजावरची मंडळी येणार आहेत म्हणतात. मग तोंड फिरवणाराही येईल. पुंडलिकला सांग, मला नुसता तो माणूस बोटाने दाखव.

चंद्रकांता


कोचीन
२ जानेवारी १९६७

बाय,

हे पत्र लिहिण्यापूर्वी चार कागद फाडले. आता जसं येईल तसं लिहिते.

काल नवं वर्ष म्हणून कॅन्टीनमधून कॅलेंडर मिळालं, रंगीत, बोटीचं चित्र असलेलं. मी ते भिंतीला लावलं. हे आत आले, कॅलेंडरसमोर उभे राहिले, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, सगळी बारा उलटली. मग काढून जमिनीवर ठेवलं आणि म्हणाले, "यात तिथ्या नाहीत." आणि खाली बसून लहान मुलासारखे रडले. मुलगा घाबरून शेजारी पळाला.

जहाजाचं तोंड फिरवणारा माणूस माझ्या घरात आहे, बाय.

त्या दिवशी हे दुर्बीण घेऊन वर पहाऱ्यावर होते. होडी दिसली. शीड खाली, माणसं वाकलेली, होडी जागची हलत नाही. साहेबांनी विचारलं, "तू इकडचाच ना? काय प्रकार आहे?" यांनी एका क्षणात सांगितलं, "डोलीवर बसलेत, साहेब. पाणी फिरायची वाट बघतायत. आपण जवळून गेलो तर लाटेने जाळी तुटतील." तेवढ्यात होडीवरून कुणीतरी फडकं हलवलं. हे म्हणाले, "बघा, लांब जा म्हणतायत." मग साहेबांनी जहाज लांबून घेतलं.

त्यानंतर तासाभराने हे जेवून डेकवर आले, तर पूर्वेला, आपल्या किनाऱ्यामागच्या डोंगरांवर, भर दुपारी अर्धा चंद्र वर येत होता. अर्धा चंद्र! म्हणजे अष्टमी. म्हणजे भांग. भांगात डोल पाण्यात कशी असेल? हे धावत साहेबांकडे गेले, जहाज वळलं. पुढचं तुला माहीत आहे.

"बारा वर्षं तारखांवर जगतोय, हंसा," म्हणाले. "पगार तारखेला, रजा तारखेला, परेड तारखेला. तिथी कधी गेली कळलंच नाही. देवूचा रुमाल मी ओळखायला हवा होता. भावजींची होडी ओळखायला हवी होती."

यांनी साहेबांना सगळं खरं सांगितलं होतं. साहेबांनी अहवालात लिहिलं की याला वेळेवर आठवलं म्हणून चार जीव वाचले. खोटं काहीच नाही त्यात. म्हणून तर सत्कार. त्या सत्काराला हे येणार नाहीत. तुझ्यासमोर उभं राहण्याची ताकद नाही म्हणतात. किनाऱ्यावर तू दिसलीस तेव्हा बोलायचं होतं, तोंड उघडलं नाही.

धुक्याचं मी लिहिलं. यांनी तसं सांगितलं नव्हतं. तुझा प्रश्न वाचून दाखवला तेव्हा हे नुसते उठून बाहेर गेले होते. मला तेव्हाच काहीतरी कळलं आणि मी धुकं आणून मध्ये टाकलं. मला क्षमा कर.

यांना तुझ्याशिवाय कुणी नाही. यांचं घर म्हणजे तू. हे वाचून तुला आमचं तोंड पाहू नये असं वाटलं, तर तो तुझा हक्क आहे. पण कळव. काहीही कळव.

हंसा


कोचीन
२० जानेवारी १९६७

बाय,

अष्टमी येऊन गेली. दोन अष्टम्या गेल्या. माझ्या पत्रानंतरची पहिली, आणि काल दुसरी. तू भांगात लिहितेस म्हणून मी आता आकाशाकडे बघून मोजते. काल दुपारी अर्धा चंद्र मी मुलाला दाखवला. पोस्टमन आज रिकामाच गेला.

हे रोज विचारत नाहीत. रोज दाराकडे बघतात.

साहेबांनी बोलावून सांगितलं की सत्काराला जा, रजा देतो. हे नाही म्हणाले. जहाजातर्फे दुसरे कुणी येतील. तू जाऊ नकोस, बाय. तिथे यांची स्तुती ऐकत तुला बसावं लागेल, ते मला सहन होत नाही.

हंसा


मुरबे
पौष वद्य अष्टमी

प्रिय हंसा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. लिहिलं नाही कारण लिहिता आलं नाही. गेल्या अष्टमीला कागद घेतला आणि त्यावर जे उमटलं ते चुलीत घातलं. ते तुम्ही कधी विचारू नका. नवमीला कागदच घेतला नाही.

सत्काराच्या आदल्या सकाळी देवू जाळं भरत होता. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याला कळायला हवं होतं, पाण्यात तो होता. मला वाटलं, आता हा शिव्या देईल. त्याने हातातल्या जाळ्याची गाठ सोडली, परत बांधली. मग म्हणाला, "वयनी, रुमाल मी हलवला. रोज डोलीवरून जहाजांना हलवतो ना, लांब जा, लांब जा, तसाच. वाचवा म्हनून दुसरा कसा हलवायचा ते आमाला कुनी शिकवलाच नाय. मी असतो जहाजावर, तर मी पन हाच सांगितला असता." आणि मग तो रडला. त्या दिवसापासून पहिल्यांदा.

मी सव्वीसला एकटी गेले. गाव सगळं पाण्यावर. मैदानावर शाळेची मुलं, कागदी पताका, खुर्च्या. रामकिसनभाऊंनी मला पुढच्या रांगेत बसवलं, ओवाळण्याचं ताट कुठेच दिसू दिलं नाही. शहाणा माणूस. वाचलेल्या चौघांच्या चार खुर्च्या रिकाम्या होत्या. भाषणं झाली. प्रत्येकाने सागराला नमस्कार केला. मग मला वर बोलावलं आणि मानपत्र, शाल, नारळ हातात दिलं. दोन शब्द बोला म्हणाले.

मी काही ठरवून गेले नव्हते. मी म्हटलं, "माझा भाऊ आला नाय, कारण त्याला लाज वाटते. चार वाचले ते तुमी सांगितलं. पाचवा माझा नवरा. माझ्या भावाला वाटलं डोल लागली हाय, जाळी तुटू नयेत म्हनून त्यानं जहाज लांब नेलं. त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला डोल नसते. तो तिथी इसरला, मग चंद्र बघून त्याला आठवलं, मग तो परत आला. एवढंच झालं. आता माझं एक मागणं हाय. शाल नको, जहाजावर एक पंचांग लावा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.  मग नेव्हीचे एक साहेब उठले, दक्षिणेकडचे असावेत, त्यांनी शेजारच्याला विचारून अर्थ समजून घेतला, खिशातून वही काढली आणि माझ्याकडे येऊन विचारलं, "अष्टमी. किती दिवसांनी येते?" मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. आणखी विचारलं, रुमाल कसा हलवला तर काय समजायचं? मी म्हटलं, ते आमच्या देवूशी बसून ठरवा. भांगात या, घरी असतो.

ते काल येऊन गेले. देवू आणि ते वाळूवर दिवसभर फडकी हलवत होते. गावातली सगळी पोरं हसून लोळत होती. ठरलं ते एवढंच की वाचवा म्हणायचं असेल तर दोन्ही हातांत दोन फडकी. पण ठरलं. खाडीपलीकडच्या सातपाटीलाही कळवलं आहे.

शाल बुधीमावशीने पांघरली आहे, भर उन्हात. उतरव म्हटलं तर म्हणते, "सत्काराची हाय, भांडू नको." नारळ मी समुद्राला दिला.

आता पुंडलिकसाठी लिहिते, त्याला वाचून दाखव.

बाबू, तुला माफ केलं असं मी लिहीत नाही. तसं लिहिलं तर तू सुटशील आणि मी अडकेन. काही सकाळी मला तुझा राग येतो. काही सकाळी येत नाही. पण एक गोष्ट तू विसरलास, ती मला त्या रिकाम्या चार खुर्च्यांकडे बघताना आठवली. तू नेव्हीत निघालास तेव्हा हे तुला स्टेशनवर सोडायला आले होते. गाडी सुटताना खिडकीला धरून धावत यांनी काय सांगितलं? "मोठ्या जहाजावर चढशील, आमच्या डोली सांभाळ रे, तुडवू नको." त्यांना किती राग यायचा त्या जहाजांचा. तू त्यांचंच ऐकलंस. चुकीच्या दिवशी ऐकलंस, पण त्यांचंच.

ते खुंट वाहत परत किनाऱ्याला लागले. अंगणात पडले आहेत, पाचही. येता-जाता पायाला लागतात. चार माणसांनी ते रोवता येत नाहीत, पाच लागतात. गावातले दोघे-तिघे येतो म्हणाले, देवू नको म्हणाला. कुणाची वाट बघतो ते तो सांगत नाही.

होळीला येऊ नकोस, पुनवेला सगळी माणसं पाण्यावर असतील नाहीतर नाचत असतील. फाल्गुन शुद्ध अष्टमीला ये. भांग असेल. सगळे घरी असतील.

चंद्रकांता


कोचीन
माघ वद्य अष्टमी

बाय,

आज पहाटे ड्यूटीवर जाताना अर्धा चंद्र डोक्यावर होता. पंचांग न बघता त्यावरून तिथी लिहिली आहे. चुकली असेल तर सांग.

तुझं पत्र हंसाने वाचून दाखवलं. मग मी घेऊन परत वाचलं. भावजी खिडकीला धरून धावले होते ते आठवलं. त्यांची एक चप्पल फलाटावर राहिली होती.

गेल्या आठवड्यात जहाजावर एका साहेबांनी वरच्या खोलीत पंचांग लावायला सांगितलं. मराठी वाचणारा मी एकटाच, म्हणून रोज सकाळी फळ्यावर तारखेशेजारी तिथी लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. पहिल्या दिवशी लिहिलेली तिथी दोनदा पुसून परत लिहिली. आज एकदाच लिहिली.

दहा दिवसांची रजा मंजूर झाली आहे. हंसा आणि मुलगा बरोबर येतील. गणवेश आणणार नाही. मानपत्र मला दाखवू नकोस, निदान पहिल्या दिवशी तरी नको. भावजींच्या जागेवर होडीत मी बसणार नाही, ती देवूची. मला पुढे, खुंट धरायला ठेवा. ठोकताना खुंट हलतो आणि धरणाऱ्याचाच हात सुजतो, मला माहीत आहे.

सकाळच्या गाडीने पालघरला उतरेन, सातपाटीहून होडीने खाडी ओलांडून दुपारपर्यंत पोचेन. त्या वेळी चंद्र वर येत असेल. तू वाळूवर येऊ नकोस, ऊन असतं. पण आलीस, तर या वेळी मी पाण्यातून बाहेर येईन.

तुझा,
बाबू